कोरी हवा

काहींचं पोट हातावर असतं. आमचं नाकावर आहे. माझ्या पणजीपासून आम्ही अत्तरं बनवतो आणि विकतो. पुढे दुकान, मागे मिश्रणाची खोली, वर राहायच्या तीन खोल्या, आणि या सगळ्याच्या पुढे दोन पावलं बाबांचं नाक. बाजारात बाबांना सगळे ‘नाकसाहेब’ म्हणतात. बाबांना ते आवडतं, फक्त तसं ते कबूल करत नाहीत. बंद डब्यात काय आहे ते झाकण न उघडता सांगणं, गिऱ्हाईक न्हाव्याकडून आलंय की दवाखान्यातून ते दारातच ओळखणं, आणि मी शाळेतून आल्याआल्या कुणाच्या डब्यातलं काय खाल्लं याचा पंचनामा करणं, हे सगळं त्या नाकाने केलेलं आहे. माझ्या बरोबरीच्या मुली आयांच्या डोळ्यांना घाबरायच्या, मी बाबांच्या नाकाला.

मिश्रणाच्या खोलीला आम्ही ‘कोरी खोली’ म्हणतो. कोरी म्हणजे जिथे कसलाच वास नाही अशी. तिथे चहा न्यायचा नाही, चपला घालून जायचं नाही, अंगाला साबण लावायचा तोही बिनवासाचा. रोज सकाळी बाबा दार उघडून उंबऱ्यावर उभे राहतात, डोळे मिटतात, तीन श्वास घेतात आणि जाहीर करतात, “कोरी!” एकदा हा शब्द आला की काम सुरू. नाही आला, तर मी फडकं घेऊन पुन्हा फरशी पुसायची.

या घरात ज्याला वास येत नाही असं माणूस एकच, माझी आत्या. बाबांची थोरली बहीण. नाक तसं सरळ, धारदार, बघत राहावं असं. पण सातव्या वर्षी मोठा ताप आला, आणि तो गेला तो तिचा वास घेऊनच गेला. तेव्हापासून गुलाब आणि रॉकेल तिला सारखंच. ती दुकानाचा काउंटर सांभाळते. गिऱ्हाइकाचा चेहरा बघते आणि बाटली काढते, आणि दहातल्या नऊ वेळा तीच बाटली खपते.

“तुला वासातलं काय कळतंय, ताई!” बाबा म्हणतात.

“मला माणसातलं कळतं,” आत्या म्हणते. “तू वास घेत बस. विकते मी.”

कोऱ्या खोलीत मात्र आत्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. मनाई कुणी केली नव्हती. “तिचं तिथे काय काम?” एवढंच बाबा म्हणायचे, पण चाळीस वर्षं म्हणत आले होते. आत्या उंबऱ्याच्या अलीकडून हाक मारायची आणि परत फिरायची. मला त्याचा राग यायचा. माझ्या नाकावर राग असतोच, पण हा जरा जास्त वेळ बसायचा.

तर माझं अत्तर. दोन वर्षं मी एकाच गोष्टीच्या मागे लागले होते. नुकत्याच इस्त्री केलेल्या सुती चादरीचा वास मला बाटलीत उतरवायचा होता. ऐकायला किती साधं! करायला घेतलं आणि नाकी नऊ आले. कधी चादर जमायची तर इस्त्री जमायची नाही, कधी इस्त्री जमायची तर चादर करपायची. एकदा तर बाबांनी अत्तरात बुडवलेली कागदी पट्टी नाकाला लावली आणि म्हणाले, “छान. ओलं कुत्रं.” साठ बाटल्या मोरीत गेल्या. एकसष्टावीला मात्र मी स्वतःच दचकले. आधी लिंबाची साल, मग ऊन, आणि सगळ्यात शेवटी ती गरम, स्वच्छ ऊब, जिच्यात तोंड खुपसावंसं वाटतं.

दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर सहा बाटल्या आहेत. एक पणजीची, दोन आजोबांच्या, तीन बाबांच्या. घरातल्या माणसाने स्वतः शोधलेलं अत्तर तेवढं तिथे जातं, आणि ज्याची बाटली तिथे गेली तो या घराचं पुढचं नाक. माझी एकसष्टावी तिथे जायला हवी होती, आणि तीही महिनाअखेरच्या आत. कारण फरशी पुसायच्या साबणाच्या कारखान्यातून मला पत्र आलं होतं: ‘वास-तपासनीस म्हणून पहिल्या तारखेपासून रुजू व्हावे.’ नोकरी बाबांच्याच ओळखीतली.

“दोन वर्षं दिली तुला,” बाबा म्हणाले. “जमलं तर जमलं. नाहीतर तुझं नाक साबणाचं आहे असं समजायचं. त्यात वाईट काही नाही.”

वाईट काही नाही म्हणे! माझ्या डोळ्यांपुढे पुढच्या तीस वर्षांच्या ओल्या फरश्या चकाकायला लागल्या.

त्याच थंडीत शेजारच्या बंद गाळ्यात तळलेल्या माशांचं दुकान उघडलं. मालकीण हसतमुख, हात सढळ, आणि कढई जी सकाळी दहाला चढायची ती थेट दिवेलागणीला उतरायची. सगळी गल्ली खूश. बाबांच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या. त्यांनी युद्धच पुकारलं. कोऱ्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, दाराच्या फटीत जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या ठोकल्या गेल्या, किल्लीच्या भोकात मेण गेलं. तरी चौथ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावरून गर्जना आली, “मासा!”

मासा हीटरच्या पाइपातून येत होता. थंडीत तेलं घट्ट होतात, म्हणून कोऱ्या खोलीत भिंतीला गॅसचा हीटर आहे आणि तो सकाळपासून चालू असतो. त्याच्या धुराचा पाइप भिंतीतून मागच्या बोळात निघतो, आणि नेमकी त्याच बोळात शेजारणीची कढई. यावर बाबांनी जो उपाय काढला तो अत्तरवाल्यालाच सुचू शकतो. नको असलेला वास मारायला आमच्या धंद्यात कोळशाची पूड वापरतात. बाबांनी एक कापडी पिशवी पुडीने भरली, तोंड शिवलं, बोळात शिडी लावली आणि ती पिशवी पाइपाच्या तोंडात ठोकून बसवली.

“हवा जाईल, वास अडेल!” ते शिडीवरून म्हणाले.

शिडी मी धरली होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळ्यांनी दोष एकट्या बाबांना दिला आणि मी तेव्हा शहाण्यासारखी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी उंबऱ्यावर तीन श्वास घेतले. “कोरी!” असे म्हणाले की जणू गड सर केला.

मग सुरू झाल्या माझ्या परीक्षा. आमच्याकडे नव्या अत्तराची बैठक बसते. बाबा आणि बाहेरचं एखादं जाणतं नाक कोऱ्या खोलीत दार लावून दोन तास बसतात. दोन तास का, तर अत्तर पट्टीवर हळूहळू उलगडतं; पहिल्या पाच मिनिटांचा वास वेगळा, दीड तासानंतरचा वेगळा. एक बैठक फसली तर दुसरी, दुसरीही फसली तर गाशा गुंडाळायचा.

पहिल्या बैठकीला गायनबाई आल्या. पलीकडच्या रस्त्यावर गाणं शिकवतात, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. बसल्या तेव्हा म्हणाल्या, “वा, किती स्वच्छ!” तासाभराने त्या कपाळ चोळायला लागल्या. दोन तासांनी उठल्या तर भिंतीचा आधार घेत.

“अहो, हे डोक्यात चढतं,” त्या म्हणाल्या. “छान आहे, पण चढतं. मला गरगरायला लागलंय.”

बाबांनीही कानशिलं दाबली. “मध्येच काहीतरी टोचतंय खरं,” ते म्हणाले. बाई बाहेर काउंटरपाशी दहा मिनिटं बसल्या, आणि टवटवीत होऊन घरी गेल्या.

दुसऱ्या बैठकीला घड्याळजी आले. पंच्याहत्तरीचे, बारीक, शिस्तीचे. आयुष्यभर भिंग लावून बसलेले, त्यामुळे दोन तास न हलता बसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पावणेदोन तासांनी ते उठले, मोठ्या अदबीने “माफ करा” म्हणाले, आणि मोरीत जाऊन भडाभडा ओकले. छातीत धडधडतंय, पायांत जीव नाही, असं म्हणत होते. काउंटरपाशी मोकळ्या हवेत बसवलं, तर अर्ध्या तासात उतरलं.

“बघ,” बाबा मला म्हणाले. “बाहेर आलं की उतरतं. म्हणजे वासाचाच दोष.”

मलाही ते पटलं. तर्क चोख होता आणि तरी पार चुकीचा, हे कळायला अजून तीन दिवस होते. गल्लीत बातमी पसरायला मात्र तीन तासही लागले नाहीत. नाकसाहेबांच्या मुलीने अत्तर काढलंय आणि त्याने माणसं आडवी होतात! कुणीतरी बारसंही करून टाकलं: ‘डोकेदुखी’. शेजारच्या मासेवाल्या मावशीसुद्धा कढईमागून विचारायच्या, “काय गं, कशी आहे तुझी डोकेदुखी?” आमचं नाक कापलं गेलं ते असं, भर बाजारात.

डोकं माझंही दुखत होतं. रोज. सकाळी उठायची ती ठणठणीत, दुपारपर्यंत कपाळावर कुणीतरी खिळा ठोकायला घ्यायचं, जेवण नको व्हायचं. मला वाटलं, काळजीने होतंय. रविवारी दुकान बंद असलं की डोकं बिलकूल दुखायचं नाही. मी मनात म्हटलं, बघा, किती कामचुकार मुलगी आहे ही.

बाबांचं त्याहून वाईट. सकाळी ते नेहमीसारखे असायचे. दुपारनंतर मला आत्याच्या नावाने हाक मारायचे, लाल बूच निळ्या बाटलीला लावायचे आणि मग त्या बाटलीवरच डाफरायचे. ज्या माणसाने जन्मात एक थेंब सांडला नाही, त्याने एका दुपारी चमेलीच्या तेलाची बरणीच पाडली. मी पुसायला वाकले तर ते स्टुलावर बसून हातांकडे बघत होते.

“एक तर तुझं अत्तर वाईट आहे,” ते हळूच म्हणाले, “नाहीतर माझं नाक संपलं. मला कळत नाहीये, बाळ. आधी कळायचं.”

बाबांना ‘कळत नाही’ म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. फार वाईट वाटलं. बाबांचं नाक संपण्यापेक्षा माझं अत्तर वाईट असलेलं बरं, असं म्हणून मी त्याच संध्याकाळी कारखान्याला होकाराचं पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकायला आत्याकडे दिलं. आत्याने ते पाकीट दोन्ही बाजूंनी बघितलं, “हं” केलं आणि पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा एका गिऱ्हाइकाकडे बाटल्या पोचवायला गेले. मी कोऱ्या खोलीत माझं सामान आवरत होते. आवरत कसली, एकसष्टावी बाटली मांडीवर घेऊन रडत होते. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आत्या उंबऱ्यापाशी आली, नेहमीसारखी थांबली, आणि मग बघता बघता चपला काढून सरळ आत आली. हातात लेबलांचा गठ्ठा.

“आत्या, बाबा काय म्हणतील?”

“तो काय म्हणणार? ‘तुझं इथे काय काम?’ सांगेन, लेबलं चिकटवायचंय. सरक.” तिने मागे दार लोटून घेतलं. “आणि रड आता पोटभर. बाहेर ऐकू जाणार नाही, बाबाने तुझ्या मुंगी शिरायला जागा ठेवलेली नाही.”

मग आम्ही बसलो. ती लेबलं चिकटवत होती, मी नाक पुसत होते. बाबा लहानपणी आजोबांचं अत्तर कसे प्यायला गेले होते, ते तिने सांगितलं. मी खूप हसले. तास गेला, दीड तास गेला. लेबलं वाकडी जायला लागली तशी आत्याने हात थांबवला आणि कानशिलं दाबली.

“डोकं काय गं ठणकतंय माझं. आणि मळमळतंय.”

“तेच ते,” मी वैतागून म्हटलं. “माझं अत्तर. सगळ्यांना होतं तसं. वास चढतो त्याचा.”

आत्याने हातातलं लेबल खाली ठेवलं.

“अगं वेडाबाई,” ती म्हणाली, “मला वास कुठे येतो?”

ते वाक्य माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. डोकं इतकं जड झालं होतं की साधी बेरीजही जमेना. आत्याला वास येत नाही. आत्याचं डोकं दुखतंय. म्हणजे... मी बाटलीकडे बघितलं. बूच घट्ट होतं. मग माझी नजर हीटरकडे गेली. त्याची ज्योत नेहमी निळी असते. ती पिवळी, आळसावलेली, लांब झाली होती आणि वरच्या पत्र्यावर काजळी धरली होती.

“आत्या, बाहेर! हीटरचा धूर कोंडलाय,” मी म्हटलं आणि उठले. उठले म्हणजे उठायला गेले. गुडघ्यांनी साफ नकार दिला.

आत्या साठीची आहे, पण बाटल्यांच्या पेट्या उचलून दंड कमावलेत. तिने मला काखेत धरलं आणि खोलीतून, दुकानातून, फुटपाथवरून फरफटत नेलं ते थेट माशांच्या दुकानाच्या बाकावर टाकलं. मासेवाल्या मावशी झारा हातात घेऊनच धावल्या. आत्या खोलीकडे परत निघाली, हीटर बंद करायला. मी ओरडले, मावशींनीही तिला घट्ट धरून ठेवलं. “बयो, आत आता कुणी जायचं नाही! दुकानाबाहेर गॅसची चावी आहे ना, ती फिरवा.” आणि त्यांनी स्वतः जाऊन ती फिरवली. मी तळणीच्या वासात, भर थंडीत, खोल खोल श्वास घेत बसले. त्या दिवशी माशाच्या वासाइतकं सुंदर काही माझ्या नाकात शिरलं नाही.

एवढ्यात बाबा परतले. मुलगी आणि बहीण दोघी शत्रूच्या गोटात बाकावर बसलेल्या.

“हे काय चाललंय?” ते गरजले.

“अरे, मी तुझ्या खोलीत बसले होते,” आत्या म्हणाली. “दोन तास. आणि माझं डोकं दुखतंय.”

माझ्या बाबांचं डोकं बंद खोलीबाहेर फार चांगलं चालतं. त्यांनी आत्याकडे बघितलं, तिच्या नाकाकडे बघितलं, आणि मटकन बाकावर बसले.

दोन गल्ल्या पलीकडच्या डॉक्टरीणबाई आल्या. उंच, ठासून बोलणाऱ्या. बाबांनी घरातला बोटाला लावायचा चिमटा आणला आणि मला लावला. आकडा आला अठ्ठ्याण्णव.

“बघा, ऑक्सिजन ठीक आहे,” बाबा आशेने म्हणाले.

“त्या चिमट्याला यातलं कळत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हीटरचा धूर कोंडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तात ऑक्सिजनची जी जागा असते ना, तिथे हा पाहुणा जाऊन बसतो, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींनी घट्ट बसतो. चिमट्याला वाटतं जागा भरलेली आहे, सगळं छान. रक्त तपासल्याशिवाय खरं कळत नाही. चला, तिघंही. आत्ता.”

इस्पितळात आम्हाला ओळीने तीन खाटांवर झोपवलं आणि तोंडाला ऑक्सिजनचे मुखवटे लावले. बाबांच्या रक्तात तो वायू सगळ्यात जास्त निघाला, कारण तेच सगळ्यात जास्त वेळ तिथे बसायचे. त्या सकाळीही जायच्या आधी तीन तास आतच होते. घड्याळजी आणि गायनबाई यांनाही बोलावून तपासलं. दोघं ठीक होते. पण डॉक्टरीणबाईंनी बाबांना सोडलं नाही.

“डोकं दुखणं, गरगरणं, उलटी, चिडचिड, विसरणं. बाहेर आलं की बरं, आत गेलं की पुन्हा. घरातल्या सगळ्यांना एकदम. हे त्याचं नेहमीचं सोंग आहे, लोक सर्दीपडसं समजून झोपून जातात आणि मग उठतच नाहीत. तुमचे ते घड्याळजी, त्यांचं हृदय आधीच नाजूक. अजून तासभर बसले असते तर मी आज तुमच्याशी इतकं गोड बोलत नसते.”

हे गोड असेल तर कडू कसं असतं, असं बाबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मुखवट्याच्या आतून ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “पण मी रोज सकाळी तपासत होतो, डॉक्टर. तीन श्वास. हवा कोरी होती! आणि गॅस असता तर मला शंभर पावलांवरून आला असता.”

“गॅसचा वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. जळताना तोही जळून जातो. मागे जो वायू उरतो त्याला ना वास, ना रंग, ना चव. तुमच्या भाषेत सांगायचं तर, तो कोरा आहे.”

चाळीस वर्षांचा लाडका शब्द असा उलटा पडलेला बाबांनी पहिल्यांदा बघितला.

“मी पोरीला मारलं असतं,” ते म्हणाले. “नाकाच्या घमेंडीत.”

“मारलं नाहीस ना,” शेजारच्या खाटेवरून आत्या म्हणाली. “आता तो मुखवटा नीट लाव, तोंड बंद ठेव. आयती संधी मिळाली आहे आम्हाला.”

मी हसले, आणि हसता हसता रडले, कारण बाबांनी मधल्या जागेतून हात लांब करून माझा हात धरला होता आणि सोडायला तयार नव्हते.

दोन दिवसांनी हीटरवाला आला. त्याच्याकडे हवा तपासायचं यंत्र होतं. बोळात शिडी लावून त्याने पाइपातून ती पिशवी ओढली. कडेने करपलेली, कोळशाने टम्म.

“हे काय आहे?” त्याने आम्हाला वरून विचारलं. “पंचवीस वर्षं हे काम करतोय. पाइपात चिमणीचं घरटं बघितलं, चेंडू बघितला. शिवून, टाके घालून भरलेली उशी कधी नाही बघितली. पेटली नाही हे नशीब समजा.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी शिडीकडे बघितलं. मासेवाल्या मावशी तिथेच उभ्या होत्या. बाबा त्यांच्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “तुमच्या वासाला मी शत्रू समजलो. चुकलं.” मावशींनी त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेला गरम तुकडा ठेवला. बाबांनी तो तिथेच, बोळात उभं राहून खाल्ला. नाक न मुरडता.

पाइप मोकळा झाला, हीटर बदलला, खिडक्यांच्या पट्ट्या निघाल्या, भिंतीवर एक पांढरा अलार्म बसला. हिरवा दिवा म्हणजे ठीक. हा वायू वाढला की तो किंचाळतो. आणि महिनाअखेरीला एकच दिवस उरलेला असताना बाबांनी फर्मान काढलं, एकसष्टावीची बैठक पुन्हा बसणार.

“पण मी होकार कळवला,” मी म्हटलं. “पत्र गेलंय.”

आत्याने काउंटरचा खण उघडला, गुंडाळायच्या कागदांच्या खालून माझं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. तिकीट कोरं करकरीत, त्यावर शिक्का नाही.

“तू पोस्टात टाकलंच नाहीस?”

“मी कधी कुणाच्या कामात नाक खुपसत नाही,” आत्या म्हणाली. “विसरले.”

बैठकीच्या सकाळी बाबा उंबऱ्यावर उभे राहिले. गायनबाई आल्या होत्या, आणि घड्याळजीही; “आता सुटायचं नाही” असं म्हणत. बाबांनी डोळे मिटले, तीन श्वास घेतले. आम्ही सगळे त्या शब्दाची वाट बघत होतो. तो आला नाही. त्यांनी डोळे उघडले आणि मागे वळले.

“ताई,” ते म्हणाले, “तू सांग.”

आत्याने चपला काढल्या. बाबांच्या बाजूने आत गेली, भिंतीपाशी थांबली, मान वर करून हिरवा दिवा नीट बघितला, हीटरची ज्योत निळी आहे का तेही वाकून बघितलं. मग ती आमच्याकडे वळली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “कोरी!”

इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारून मावशींनी टाळ्या वाजवल्या.

दोन तास. एक खिडकी बोटभर उघडी, तळणीचा वास मधूनमधून डोकावत होता. मी बाहेर काउंटरपाशी नखं खात बसले. दार उघडलं तेव्हा आधी गायनबाई आल्या, गुणगुणत. मग घड्याळजी आले, मला मान लववून सरळ चालत गेले. बाबा सगळ्यात शेवटी, पट्टी अजून हातात. त्यांचे डोळे ओले होते.

“दोन वेळा नापास केलं हे मी,” ते म्हणाले. “तेव्हाही असंच होतं. सुरुवातीपासून.”

मग त्यांनी लेबल आणि दौत पुढे ओढली. वरच्या फळीवरच्या बाटलीचं नाव जिचं अत्तर तिने सांगायचं आणि वडीलधाऱ्याने लिहायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. मी सांगितलं. बाबांनी टाक थांबवला.

“‘आत्या’? हे काय नाव झालं? गिऱ्हाईक काय म्हणेल, एक आत्या द्या, छोटी?”

“लिहा तुम्ही,” मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. सुरेख, गोलाकार अक्षरात. आत्याने ते वाचलं. मग तिने बाटली हातात घेतली, उगाचच नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

“कसा आहे रे वास?” तिने बाबांना विचारलं. इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं आणि बाबांनी कधी सांगितलं नव्हतं.

बाबा तिच्या शेजारी स्टुलावर बसले. “आई रविवारी चादरींना इस्त्री करायची,” ते म्हणाले, “आणि शेवटची चादर गरम असतानाच पलंगावर टाकायची. आपण दोघं पळत जाऊन तिच्यात शिरायचो. मी तुझे पाय ढकलायचो.”

आत्याने डोळे मिटले. एक श्वास घेतला, मग दुसरा, मग तिसरा. अगदी बाबांसारखा.

“वास नाही येत,” ती म्हणाली. “पण ते आठवलं रे. सगळं आठवलं.”

तिने गालावरचं पाणी पदराने पुसलं, बाटली माझ्या हातात दिली, आणि मी स्टुलावर चढून ती सातवी बाटली वरच्या फळीवर ठेवली. बाबांनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.